नवी विंडोज आली आणि तबकडी वाचेना



आज जो विषय मी आपल्यापुढे मांडणार आहे तो वरवर पाहता लहान आहे. संगणकावर नवी विंडोज टाकली, बाकी सगळे ठाकठीक चालू झाले, पण सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह मात्र दिसेनासा झाला. काल चालत होता, आज चालत नाही. अशा वेळी घरात काय आणि शाळेत काय, एकच निकाल दिला जातो : ‘ड्राइव्ह गेला.’ मग तो ड्राइव्ह भंगारात जातो, आणि ‘आता या तबकड्या लावायच्या कुठे?’ असे म्हणत त्याच्यामागून तबकड्याही जातात. हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो, कारण तो काहीच न तपासता दिलेला असतो. तपासायचे कसे आणि कोणत्या क्रमाने, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हा प्रश्न आताच का निघाला, असे कोणी विचारील. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबवला. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या पुढे चालू हव्या असतील तर विंडोज ११ कडे या, असा त्याचा सरळ अर्थ. त्यामुळे कोणी आहे त्याच संगणकावर नवी विंडोज टाकून घेतली, तर कोणी नवा संगणक आणला आणि पाहतो तो त्यात तबकडीसाठी जागाच नाही! अशांनी मग बाहेरून जोडायचा ड्राइव्ह विकत आणला. दोघांची अडचण शेवटी एकच, ती म्हणजे तबकडी वाचली जात नाही.

आमच्या चिखलीचेच उदाहरण घ्या. इंद्रायणीच्या आसऱ्याने, देहू आणि आळंदी यांच्या मधल्या वाटेवर वसलेले हे गाव. वारकरी मंडळी त्याला टाळगाव चिखली म्हणून ओळखतात. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. शेजारी तळवडे आणि भोसरी, पलीकडे चाकण, असा सगळा कारखान्यांचा पट्टा. अशा गावात तबकड्या कोणाजवळ सापडतात? ज्या घरात वारी आहे तिथे कीर्तनाच्या आणि हरिपाठाच्या सीडी असतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या घरी लग्न झाले तिथे लग्नाच्या चित्रणाची डीव्हीडी असते, आणि त्या चित्रणातली वडीलधारी माणसे आज हयात असतीलच असे नाही. लहान वर्कशॉप चालवणाऱ्याजवळ यंत्राबरोबर आलेली सीडी असते. यंत्राची माहितीपुस्तिका आणि जोडणीचा कार्यक्रम तिच्यात असतो. शाळेच्या कपाटात शिक्षकांनी जमवलेल्या शैक्षणिक सीडी असतात. यांतल्या कित्येक तबकड्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. म्हणून हा विषय लहान दिसला तरी लहान नाही.

तबकडीचे शास्त्र थोडक्यात सांगतो. ज्या १९८२ साली पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका झाली, त्याच वर्षी सीडी वाजवणारे पहिले यंत्र जपानात विक्रीला आले. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे माप ठरवले होते : व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. या एवढ्याशा चकतीवर मधून कडेकडे जाणारी एकच गोल गोल रेघ असते. ती उलगडली तर पाच किलोमीटरांपेक्षा लांब भरेल. रेघेच्या दोन फेऱ्यांमधले अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे तीस-चाळीस फेरे मावतील. ड्राइव्हमधला लेसर किरण ही रेघ वाचतो. डीव्हीडीवरची रेघ याहूनही बारीक, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या तरंगलांबीचा किरण लागतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी ६५०. हे दोन आकडे पुढे आपल्या उपयोगी पडणार आहेत.

आता ‘ड्रायव्हर’ या शब्दाकडे वळू. संगणकाच्या भाषेत ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. तो एक छोटासा कार्यक्रम असतो आणि त्याचे काम दुभाष्याचे. विंडोज एक भाषा बोलते, यंत्र दुसरी बोलते. मधला ड्रायव्हर एकाचे दुसऱ्याला समजावून सांगतो. नवी विंडोज टाकताना यंत्र तेच राहते, पण हे दुभाषे बदलतात. म्हणून लोखंडाला काहीही न होता यंत्र मुके होऊ शकते. ‘काल चालत होता, आज चालत नाही’ या कोड्याचे उत्तर पुष्कळदा इथेच असते.

शेतकऱ्याला हे लवकर कळेल. विहिरीत पाणी आहे, मोटार चालू आहे, पण पीक मात्र कोरडे. तेव्हा शहाणा शेतकरी विहीर बुजवत नाही. तो पाटाच्या काठाकाठाने चालत जातो आणि पाणी कुठवर आले ते पाहतो. आपणही तसेच करू. ड्राइव्हपासून पडद्यापर्यंत पाच टप्पे आहेत. ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनी टिपून घ्यावे.

पहिला टप्पा वीज आणि केबल यांचा. बटण दाबल्यावर ड्राइव्हचा ट्रे बाहेर येतो का, ते बघा. येत असेल तर वीज पोहोचते आहे. पण तेवढ्यावरून सगळे ठीक आहे असे समजू नका, बरे का. टेबलावरच्या संगणकात सध्याच्या पद्धतीच्या ड्राइव्हला दोन केबली असतात. रुंद जोड विजेचा, अरुंद जोड माहितीचा. ट्रे नुसत्या विजेवर उघडतो. माहितीची केबल सैल असली तरीही उघडतो. संगणक बंद करून, भिंतीवरचा प्लग काढून, दोन्ही जोड एकदा काढून पुन्हा नीट बसवा. नवी विंडोज टाकण्यासाठी संगणक दुकानात नेला असेल, पेटी उघडली असेल, तर हे आधी कराच.

बाहेरून जोडायच्या ड्राइव्हची गोष्ट थोडी निराळी. त्याला वीजही यूएसबीच्या खाचेतूनच मिळते. जुन्या पद्धतीची, म्हणजे यूएसबी २ ची खाच ५०० मिलिअँपिअर वीज देते. नवी, यूएसबी ३ ची, ९०० देते. तबकडी वेगाने फिरू लागली की काही ड्राइव्हना पाचशे पुरत नाही. मग ते गुरगुरतात, थांबतात, पुन्हा गुरगुरतात. अशा वेळी एका खाचेला चार वस्तू जोडणारा जोड मध्ये घालू नका. ड्राइव्ह थेट संगणकाला, टेबलावरचा असेल तर पाठीमागच्या खाचेत लावा. ड्राइव्हबरोबर दोन टोकांची केबल आली असेल तर दोन्ही टोके लावा.

दुसरा टप्पा : विंडोज सुरू होण्याआधी संगणकाला ड्राइव्ह दिसतो का? संगणक चालू करताच एक ठराविक कळ दाबली की त्याची मूळ मांडणी, म्हणजे बायोस, पडद्यावर येते. कोणत्या संगणकात ही कळ ‘डिलीट’ असते, कोणत्यात ‘एफ २’. तिथे जोडलेल्या वस्तूंची यादी असते. ती फक्त बघायची. काही बदलायचे नाही. आतला ड्राइव्ह या यादीत असेल तर तो जिवंत आहे आणि दोष विंडोजमध्ये आहे. यादीतही नसेल तर दोष केबलमध्ये किंवा खुद्द ड्राइव्हमध्ये आहे. एवढ्या एका पाहणीने निम्मा प्रश्न सुटतो, आणि दुरुस्तीवाल्यापुढे आपण भांबावून उभे राहत नाही.

तिसरा टप्पा दुभाष्याचा, आणि खरी मेख इथे असते. स्टार्ट बटणावर माउसची उजवी कळ दाबली की यादीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ दिसते. ते उघडा आणि ‘डीव्हीडी-सीडी रॉम ड्राइव्ह्ज’ ही ओळ शोधा. ड्राइव्हच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल तर नावावर दोनदा टिचकी मारा. आत एक वाक्य आणि एक सांकेतिक क्रमांक दिसेल. १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ यांपैकी क्रमांक असेल तर बहुतेक गुंता ड्रायव्हरच्या नोंदींचा आहे.

पहिला उपाय सोपा. ड्राइव्हच्या नावावर उजवी कळ दाबून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करा. भिऊ नका, तबकडीवरचे यात काही पुसले जात नाही. संगणक सुरू होताना विंडोज ड्राइव्हला नव्याने ओळखते आणि आपला दुभाषा परत नेमते. हा दुभाषा विंडोजबरोबरच येतो. सीडी-डीव्हीडीच्या साध्या ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. म्हणून ‘आमचा कार्यक्रम घ्या, सगळे ड्रायव्हर ताजे करून देतो’ अशा जाहिरातींच्या नादी लागू नका. पैसे जातात आणि वर नको ते कार्यक्रम संगणकात शिरतात.

एवढ्याने भागले नाही तर पाटात अडकलेली फळी शोधायची. तबकडीवर लिहिणारे, गाणी सांभाळणारे किंवा खोटा ड्राइव्ह निर्माण करणारे काही कार्यक्रम विंडोजच्या दुभाष्याच्या वर किंवा खाली आपापली फळी बसवून ठेवतात. तिला ‘फिल्टर’ म्हणतात. विंडोज बदलली की तो जुना कार्यक्रम निकामी होतो किंवा निघून जातो. पण विंडोजच्या नोंदवहीत फळीची नोंद तशीच राहते. विंडोज नोंद वाचते, फळी शोधते, ती सापडत नाही, आणि मग सगळा पाटच बंद करून मोकळी होते. ड्राइव्ह चांगला, केबल चांगली, विंडोजचा ड्रायव्हरही चांगला. अडवणूक करते ती एक मागे राहिलेली नोंद.

ती काढण्याची रीत सांगतो, पण हे काम जाणत्या माणसाने करावे. शाळेत संगणकाचे शिक्षक असतील त्यांनी करावे. विंडोजची कळ आणि ‘आर’ ही कळ एकदम दाबा. चौकटीत आर-ई-जी-ई-डी-आय-टी अशी अक्षरे टाका. नोंदवही उघडेल. डावीकडे क्रमाने ‘एचकी लोकल मशीन’, ‘सिस्टिम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘कंट्रोल’ आणि ‘क्लास’ असे कप्पे उघडत जा. ‘क्लास’मध्ये लांबलचक नावांचे पुष्कळ कप्पे आहेत. आपल्याला हवा तो ‘४डी३६ई९६५’ या अक्षरांनी सुरू होतो. उजव्या बाजूला त्याच्या ‘क्लास’ या नोंदीपुढे ‘सीडीरॉम’ असे लिहिलेले आहे ना, याची दोनदा खात्री करा. कारण शेजारचाच, ९६७ चा कप्पा हार्ड डिस्कचा आहे. तिथली अशीच दिसणारी नोंद काढली तर संगणक सुरूच व्हायचा नाही.

योग्य कप्पा सापडला की आधी त्याची प्रत काढा. उजवी कळ, ‘एक्स्पोर्ट’, आणि फाइल सुरक्षित ठेवा. मग उजव्या बाजूच्या यादीत ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ या दोन नोंदी दिसतात का पाहा. ज्या असतील त्या काढा. दुसऱ्या कशालाही हात लावू नका. दोन्ही नसतील तर दोष इथे नाही, निमूटपणे वही मिटा. नोंदी काढल्यावर संगणक पुन्हा चालू करा. यानंतर तबकडीवर लिहिणारा एखादा जुना कार्यक्रम चालेनासा झाला तर त्याची नव्या विंडोजसाठी असलेली आवृत्ती टाकावी लागते.

कधी कधी ड्रायव्हर ठीक असतो पण ड्राइव्हला अक्षरच मिळालेले नसते. त्याचे जुने अक्षर दुसऱ्या कशाने तरी घेतलेले असते. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून खालच्या भागात ‘सीडी रॉम ०’ या नावावर उजवी कळ दाबा आणि त्याला मोकळे अक्षर द्या. मिनिटाभराचे काम आहे.

एवढे करूनही संशय राहिला तर पंच नेमावा. उबुंटूसारखी मोफत व्यवस्था पेनड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कवर काहीही न टाकता, तिच्यावरून संगणक चालू करता येतो. तिथे तबकडी वाचली गेली तर ड्राइव्ह निर्दोष. आणि नवी विंडोज त्याच संगणकावर टाकून दहा दिवस झाले नसतील, तर ‘सेटिंग्ज’मधून मागच्या विंडोजवर परत जाण्याची सोयही सहसा असते. तबकड्यांचे काम उरकेपर्यंत मागे थांबण्यात कमीपणा नाही.

चौथा टप्पा खुद्द वाचनाचा. ड्राइव्ह दिसतो, पण तबकडी वाचत नाही. सीडी वाचली जाते आणि डीव्हीडी नाही, किंवा त्याच्या उलट, असे होत असेल तर मघाचे दोन आकडे आठवा. दोघींचे किरण वेगवेगळे आहेत. त्यातला एक क्षीण झालेला असू शकतो. तेव्हा हा दोष विंडोजच्या माथी मारू नका. दुसऱ्याची एक चांगली तबकडी लावून खात्री करा. तबकडीच मळली असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका, कारण गोल ओरखडा वाचनाच्या रेघेबरोबर धावतो आणि जास्त नुकसान करतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सीडीची नाजूक बाजू चकाकणारी नसून नाव लिहिण्याची आहे. माहितीचा थर तिथे नुसत्या लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. टोकदार पेनाने त्यावर नाव घातले की कीर्तनच खरवडले जाते!

पाचवा टप्पा कार्यक्रमांचा, आणि तो शिक्षक मित्रांनी विशेष लक्षात घ्यावा. ड्राइव्ह दिसतो, फाइली दिसतात, पण चित्रपट लागत नाही. २०१२ साली विंडोज ८ आली, तेव्हापासून डीव्हीडीवरचे चित्र दाखवण्याची सोय विंडोजबरोबर सरसकट मिळेनाशी झाली. व्हीएलसी हा मोफत कार्यक्रम टाकला की डीव्हीडी लागते, जुनी व्हीसीडीही लागते. शैक्षणिक सीडी सुरू होत नसेल तर तिचा कार्यक्रम १६ बिटांचा, फार जुन्या घडणीचा असू शकतो. विंडोज ११ ही ६४ बिटांचीच आहे, आणि ती असले कार्यक्रम चालवत नाही. अॅडोबी कंपनीच्या फ्लॅशवर बेतलेल्या पाठांचेही तसेच. त्या कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणेच बंद केले. मराठी मजकुराच्या जागी भलतीच अक्षरे दिसली तर तो जुन्या पद्धतीच्या फाँटचा प्रश्न आहे. फाँटची फाइल बहुधा त्याच सीडीवर असते, ती संगणकात बसवा. यांतल्या कशातही ड्राइव्हचा काडीचा दोष नाही. अशा सीडींसाठी शाळेने एक जुना संगणक, जुन्या विंडोजसह, इंटरनेटला न जोडता कोपऱ्यात ठेवावा. तो अडगळ नव्हे, ते वाचनालय आहे.

समजा, आता ड्राइव्ह चालू झाला. पुढे काय? पुष्कळ जण इथेच समाधान मानतात आणि तबकडी पुन्हा कपाटात ठेवतात. तसे करू नका. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या तबकडीवर माहिती रंगाच्या एका थरात असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा त्या थराला मारक. ड्राइव्ह चालतो आहे तोवर आतले काढून घ्या. डीव्हीडीतले ‘व्हिडिओ टीएस’ हे संपूर्ण फोल्डर उचला, त्यातल्या एखाद-दुसऱ्या फाइलवर भागवू नका.

गाण्यांच्या आणि कीर्तनाच्या सीडीत मात्र एक फसवणूक आहे. तिच्यात ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा ‘सीडीए’ फाइली दिसतात. लोक त्या पेनड्राइव्हवर घेतात, क्षणात काम झाले म्हणून खूष होतात आणि सीडी टाकून देतात. त्या प्रत्येक फाइलमध्ये फक्त ४४ बाइट असतात. तो आवाज नव्हे, आवाज कुठे आहे याची नुसती खूण. म्हणजे शेत सोडून सातबाराचा अनुक्रमांक तेवढा घरी आणल्यासारखे झाले. आवाज उतरवायचा असेल तर मीडिया प्लेअरमध्ये ‘रिप सीडी’ हे बटण आहे, ते वापरा. काम झाल्यावर सीडी बाहेर काढा आणि उतरवलेले सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐका. मग दुसरी प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाजवळ ठेवा.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. गावातल्या तबकड्या उतरवून घेण्यासाठी शाळेने सुटीतला एक आठवडा काढावा. एक चालू ड्राइव्ह, एक संगणक आणि वरच्या वर्गातली चार मुले एवढ्यावर हे काम होते. मुलांना टप्प्याटप्प्याने दोष शोधण्याचे शिक्षण मिळेल, आणि एखाद्या आजीला तिच्या घरातल्या लग्नात गायलेल्या ओव्या पुन्हा ऐकायला मिळतील.

तात्पर्य एवढेच, की वीज, ओळख, दुभाषा, वाचन आणि कार्यक्रम हे पाच टप्पे क्रमाने पाहावेत आणि मगच निकाल द्यावा. ड्राइव्ह बाजारात पुन्हा विकत मिळतो. तबकडीवरचा आवाज एकदा गेला की कोणत्याही दुकानात मिळत नाही.